अंगवळणी पडलेला इतिहास

‘मुलांना छान वळण लावलंय हो!’ अशी पावती आपल्याकडे आईबापांना मिळते. एखादी गोष्ट सवयीची झाली की ती ‘अंगवळणी’ पडली असे आपण म्हणतो. वळण मनाइतकेच अंगालाही लागते, हे आपल्या भाषेला केव्हाच उमगले आहे. म्हणूनच पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची ‘हॅबिटस’ ही कल्पना वर्गात समजावून सांगताना मला ‘वळण’ हाच शब्द जवळचा वाटत आला.

बोर्द्यू १९३० साली नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बेआर्न भागात, एका खेड्यात जन्मले. वडील पोस्टमन. मुलगा शिकत शिकत पॅरिसला पोचला आणि १९८१ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाला. त्यांचा एक गाजलेला अभ्यास मात्र आपल्याच मुलखातला आहे. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात नाताळच्या नाचाचे वर्णन येते. मधोमध शहरी वळणाची तरुण जोडपी नाचताहेत आणि कडेला तिशीतले शेतकरी नुसते बघत उभे आहेत. ते नाचत नाहीत. ते नाचणार नाहीत, हे साऱ्यांना ठाऊक आहे.

यांतले कित्येकजण थोरले मुलगे, जमिनीचे वारस. पूर्वी घरची वडीलधारी माणसे लग्ने जुळवत, तेव्हा थोरल्याला मान होता. पुढे मुली शहराकडे पाहू लागल्या, ओळखी नाचाच्या कार्यक्रमांत होऊ लागल्या, आणि ज्या जमिनीमुळे प्रतिष्ठा होती तिनेच त्यांना अडकवून ठेवले. दारावर मज्जाव करणारी पाटी नव्हती. पण जड चाल, जुन्या धाटणीचा कोट, अवघडलेले हात! मुलींच्या नजरेने ते स्वतःकडे बघत आणि आपल्याच शरीराची त्यांना लाज वाटे.

बोर्द्यूंचे म्हणणे इथेच कळते. समाज बाहेर काठी घेऊन उभा असतोच असे नाही. तो आपल्या चालीत, बोलण्यात, आवडीनिवडीत उतरतो. मग ‘हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे’ असे माणूस आपणहूनच म्हणतो, आणि त्याला तो स्वतःचा स्वभाव वाटतो.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकपणे राबवा, अशी त्यांची मागणी होती. बेआर्नपेक्षा कारणे वेगळी, पण एक फरक मला मोलाचा वाटतो. बेआर्नचे तरुण भिंतीशी मुकाट उभे राहिले. सोलापूरचे तरुण आपले दुखणे हे एकट्याचे नशीब नसून समाजाचा प्रश्न आहे, असे सांगत रस्त्यावर आले.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे आपण म्हणतो. बोर्द्यू इतके निराश नव्हते. वळण परिस्थितीतून घडते, तेव्हा परिस्थिती पालटली की तेही पालटू शकते, सावकाश का होईना. आणि ते कुठून आले हे कळणे ही सुटकेची पहिली पायरी. मुलाखतीला एक मुलगी ऐसपैस बसते, तेवढेच गुण मिळवलेली दुसरी खुर्चीच्या कडेवर टेकते. पहिलीला ‘स्मार्ट’ आणि दुसरीला ‘बुजरी’ म्हणून आपण मोकळे होतो. तिला ती खुर्ची आपली वाटावी असे आजवर कधी, कुठे घडले होते, एवढे तरी स्वतःला विचारायला काय हरकत आहे?