सत्तांतर हैदराबादेत, कापसाचा निर्णय दिल्लीत

डिसेंबर २०२३ च्या निकालाने तेलंगणात सत्तांतर घडविले. ११९ पैकी ६४ जागा जिंकून काँग्रेस सत्तेवर आली. भारत राष्ट्र समिती ३९ जागांवर थांबली. आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर मंडळ ज्या बोथ मतदारसंघात येते, तेथून मात्र समितीचे अनिल जाधव विजयी झाले. २०२४ मध्ये आदिलाबाद लोकसभेची जागा भाजपचे गोडम नागेश यांनी जिंकली. अशा प्रकारे येथील मतदारांचा कौल, राज्याची सत्ता आणि लोकसभेतील प्रतिनिधित्व तीन पक्षांत विभागले गेले.

राज्यातील बदलाचा परिणाम प्रथम घरच्या कारभारात दिसतो. रयतू बंधू योजनेत शेतकऱ्यास एकरी वर्षाला १० हजार रुपये मिळत. नव्या सरकारने १५ हजारांचे आश्वासन दिले, तर जानेवारी २०२५ पासूनच्या रयतू भरोसा योजनेत ही रक्कम १२ हजार झाली.

परराष्ट्र व्यवहार मात्र संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार केंद्राच्या अखत्यारीत येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के आयातशुल्क लादले. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते माफ केले. सूतगिरण्यांना यातून दिलासा मिळाला. कापूस पिकविणाऱ्यासमोर मात्र परदेशी कापसाची स्पर्धा उभी राहिली. अशा निर्णयात राज्य सरकार केवळ मागणी करू शकते.

म्हणूनच एकरी मदतीचा जाब हैदराबादला आणि आयातशुल्काचा जाब दिल्लीला विचारणे, हेच मतदाराच्या हिताचे ठरते.