रक्ताचा रिपोर्ट आणि दादीचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीच्या आठ महिन्यांच्या मुलाला दवाखान्यात दाखल करावे लागले. आधी सर्दी, मग ताप, तिसऱ्या दिवशी छातीत घरघर आणि दूध बंद. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, बाळाला तपासले आणि अँटिबायोटिकचे इंजेक्शन थांबवले. त्याची दादी घाबरून म्हणाली, “दवाच बंद केली, मग बाळाला इथे ठेवलेय कशाला?” खरे सांगायचे तर हाच प्रश्न आमच्याही मनात होता. डॉक्टरांनी जे समजावले, ते प्रत्येक घराला माहीत असावे म्हणून हे लिहीत आहोत.

रिपोर्टमध्ये ‘सीआरपी’ असे लिहिलेले असते. हे रक्तातले एक प्रथिन आहे. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये आढळले. शरीरात कुठे दाह झाला की यकृत ते तयार करते. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते खूप वाढते, विषाणूंच्या संसर्गात सहसा कमी राहते. ‘प्रोकॅल्सिटोनिन’चेही तसेच. शरीर विषाणूशी लढताना इंटरफेरॉन तयार करते आणि ते प्रोकॅल्सिटोनिनला वाढू देत नाही. उलट ‘एमएक्सए’ नावाचे प्रथिन इंटरफेरॉनमुळेच वाढते. म्हणून विषाणूची खूण म्हणून त्यावर संशोधन चालू आहे.

मग नाकातला स्वॅब तपासला की झाले, असे वाटेल. पण सर्दी बरी झाल्यावरही काही विषाणूंचा अंश नाकात कित्येक दिवस सापडतो. नाकात कोण आहे हे स्वॅब सांगतो. शरीर कोणाशी लढते आहे, याचा अंदाज रक्तावरून येतो.

अंदाजच, निकाल नव्हे. आजाराच्या पहिल्या काही तासांत जिवाणूंचा संसर्ग असूनही सीआरपी कमी दिसू शकते. अ‍ॅडिनोव्हायरससारखा विषाणू ते बरेच वाढवू शकतो. लहान मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट पेशी मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असतात. म्हणून मोबाइलवर आकडे जुळवून घरी निदान करू नये. एकच आकडा नव्हे, तर वय, आजाराचा दिवस आणि बाळाची अवस्था हे सारे डॉक्टर एकत्र पाहतात.

आमच्या भाच्याला ब्राँकिओलायटिस होता, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना आलेली सूज. लहान बाळांत याचे मोठे कारण आरएसव्ही हा विषाणू असतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. उगाच दिले तर जुलाब, पुरळ असे त्रास होऊ शकतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. बाळाला ऑक्सिजन, नाक साफ करणे आणि पोटात दूध-पाणी जाणे, हाच त्याचा इलाज होता. दादीला जी ‘दवा’ वाटत नव्हती, तीच दवा होती.

घरी मात्र रिपोर्टची वाट पाहू नये. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. मागच्या आजारातली उरलेली बाटली काढून पाजू नये.

पाचव्या दिवशी, अल्लाहच्या मेहरबानीने, बाळ हसत घरी आले. आता कुणाच्या मुलाला सर्दी झाली की दादी औषध विचारत नाही. आधी विचारते, “श्वास मोजले का?”