ऑनलाइन व ऑफलाइन दिशादर्शन ॲप

दिशादर्शन ॲप म्हणजे मोबाइल फोनवर वापरकर्त्याचे स्थान दाखवून इच्छित ठिकाणापर्यंतचा मार्ग सांगणारी प्रणाली होय. नकाशा व मार्ग प्रवासाच्या वेळीच इंटरनेटवरून मिळवणाऱ्या ॲपला ऑनलाइन, तर आधी उतरवून फोनमध्ये साठवलेल्या नकाशावर चालणाऱ्या ॲपला ऑफलाइन म्हणतात. काही ॲपमध्ये दोन्ही सोयी असतात.

स्थाननिश्चिती आणि इंटरनेट

इंटरनेट नसल्यास जीपीएस बंद पडते, हा समज चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश प्रसारित करतात. फोन ते केवळ ग्रहण करतो. उपग्रहांकडे काहीही पाठवत नाही. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोनला अक्षांश, रेखांश व उंची काढता येते. उपग्रहांच्या स्थितीची माहिती इंटरनेटवरून मिळाल्यास पहिली स्थाननिश्चिती लवकर होते; अन्यथा ती थेट उपग्रहांकडून मिळेपर्यंत मोकळ्या आकाशाखाली थोडा अधिक वेळ थांबावे लागते. मात्र नकाशा साठवलेला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर केवळ एक ठिपका दिसतो.

ऑनलाइन ॲप

वाहतूक कोंडी, अपघात व बंद रस्ते यांची ताजी माहिती हा ऑनलाइन ॲपचा मुख्य लाभ होय. गूगल मॅप्स व वेझ ही वापरकर्त्यांच्या फोनकडून मिळणाऱ्या माहितीवरून रहदारीचा अंदाज बांधतात. सह्याद्रीतील वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे बंद ठेवले जातात. असे बदल साठवलेल्या नकाशात दिसत नाहीत. मात्र या सेवेसाठी वापरकर्त्याचे स्थान सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाते.

ऑफलाइन ॲप

ऑर्गॅनिक मॅप्स व ऑस्मअँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पाचे नकाशे वापरतात. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातील नकाशे स्वयंसेवक तयार करतात. त्यांत मोटाररस्त्यांबरोबरच अनेक पायवाटा व पाण्याच्या जागा नोंदवलेल्या असतात; परंतु नोंदींची अचूकता सर्वत्र सारखी नसते. गूगल मॅप्समध्येही निवडलेला भाग उतरवता येतो. मात्र इंटरनेटविना त्यात वाहनाचा मार्ग मिळतो, पायी चालण्याचा किंवा सार्वजनिक वाहतुकीचा मिळत नाही. ही मर्यादा गिर्यारोहकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

निवडीचे निकष

शहरात किंवा महामार्गावर वेळ वाचवणे महत्त्वाचे असल्याने ऑनलाइन ॲप सोयीचे ठरते. घाटमाथा, दुर्ग व अरण्य अशा ठिकाणी मोबाइलचे जाळे अनेकदा नसते. तेथे धुक्यात वाट चुकणे जिवावर बेतू शकते, म्हणून ऑफलाइन नकाशा आवश्यक असतो. परदेशात रोमिंगचा खर्च टाळण्यासाठीही तो उपयोगी पडतो.

नकाशा घरीच उतरवून, इंटरनेट बंद करून तो उघडतो व मार्ग दाखवतो याची खात्री करणे इष्ट असते. दीर्घ प्रवासात दिशादर्शनामुळे बॅटरी लवकर संपत असल्याने पॉवर बँक सोबत ठेवली जाते. फोन बंद पडल्यास दोन्ही प्रकारची ॲप निरुपयोगी ठरतात. त्यामुळे दुर्गम भागात कागदी नकाशा, होकायंत्र व स्थानिक वाटाड्या यांचे महत्त्व कायम राहते.