अंगठ्याखालची कळ

कोणतेही हत्यार घ्या. त्याची एक बाजू कामाकडे वळलेली असते आणि दुसरी हाताकडे. कुऱ्हाडीचे पाते लाकडासाठी असते, तर तिचा दांडा धरणाऱ्याच्या मुठीसाठी. पाते कितीही धारदार असले, तरी दांडा मुठीत नीट बसत नसेल तर तळहाताला फोड येतात आणि काम अर्ध्यावर राहते. लोहार-सुतारांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. व्हिडिओ गेम बनविणाऱ्यांना मात्र ती नव्याने शिकावी लागली. या खेळांत पाते म्हणजे चित्रे हालविणारे यंत्र, आणि दांडा म्हणजे खेळणाऱ्याच्या हातातील कंट्रोलर. यंत्राची करामत सर्वांच्या डोळ्यांत भरते. दांड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. येथे हकीकत सांगावयाची आहे ती त्या दांड्याची.

१९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्रुकहेवन येथे एक मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. लोकांना ती पाहता यावी म्हणून तिची दारे खुली ठेवण्यात येणार होती. नुसत्या यंत्रांकडे पाहून लोक कंटाळतात, हे जाणून विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी टेनिसचा एक खेळ तयार केला. विजेच्या लहरी दाखविणाऱ्या उपकरणाचा अवघ्या पाच इंचांचा वाटोळा पडदा हेच मैदान. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लहानशी पेटी दिलेली होती. तिच्यावर, चेंडूची दिशा ठरविण्यासाठी, जुन्या रेडिओच्या कानासारखी पिळावयाची एक चकती होती, आणि चेंडू टोलविण्यासाठी एक बटण. खेळण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या.

पुढे १९६२ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ संगणकावर रचला. दोन अंतराळयाने परस्परांवर मारा करीत. परंतु खेळावयाचे कसे, तर संगणकाच्या अंगावरच बसविलेले बारीक खटके वरखाली करून! थोड्याच वेळात कोपरे दुखू लागत. शिवाय एका खेळाडूला पडदा नीट दिसे, तर दुसऱ्याला मान वाकडी करावी लागे. अखेर ॲलन कोटोक व बॉब सॉन्डर्स या दोघांनी खेळण्यातील आगगाड्यांच्या मंडळाच्या खोलीतून जुने भंगार सामान गोळा केले आणि हातात धरता येतील अशा दोन पेट्या बनविल्या. त्यांतील मारा करण्याचे बटण त्यांनी मुद्दाम आवाज न करणारे केले होते. कारण बटणाचा टकटक आवाज झाला, की प्रतिस्पर्धी सावध होई. कोपराच्या दुखण्यातून निघालेली ही सुधारणा होती, हे लक्षात ठेवावे.

व्हिडिओ गेम प्रयोगशाळेतून घरोघरी आले, ते १९७२ नंतर. अटारी कंपनीने १९७७ मध्ये घरी खेळण्याचे जे यंत्र विकावयास काढले, त्याच्याबरोबर विमानचालकाच्या दांड्यासारखी ‘जॉयस्टिक’ मिळे. चौकोनी बैठक डाव्या हाती धरावयाची, दांडा उजव्या हाताने हालवावयाचा, आणि कोपऱ्यातील एकुलते बटण डाव्या अंगठ्याने दाबावयाचे. दांडा ऐटदार होता खरा. पण मनगट लवकर शिणे, आणि डावखुऱ्या मुलाची तर अगदी पंचाईत होई.

आता जपानकडे वळू. क्योतो शहरातील निन्तेन्दो ही कंपनी १८८९ पासून खेळण्याचे पत्ते बनवीत असे. गुन्पेई योकोई नावाचा तरुण १९६५ साली तेथे पत्ते छापण्याच्या कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागला. फावल्या वेळात त्याने लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक खेळण्यातला हात बनविला. मालकांना तो आवडला, बाजारात त्याचा मोठा खप झाला, आणि योकोई यंत्रे दुरुस्त करण्याऐवजी खेळणी घडवू लागला. पुढे एकदा आगगाडीच्या प्रवासात एक कंटाळलेला गृहस्थ गणकयंत्राची बटणे दाबीत वेळ घालवीत असलेला त्याला दिसला. त्यावरून खिशात मावणारे खेळ करावे, ही कल्पना त्याला सुचली. १९८० पासून असे खेळ निघू लागले.

१९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ हा खेळ अशा खिशातील यंत्रात बसवावयाचा होता. त्यातील पात्राला चारी दिशांना हालविणे आवश्यक होते. पण यंत्र पुस्तकासारखे मिटणारे. त्यावर उभा दांडा बसविला तर ते मिटणार कसे? तेव्हा योकोईने दांडा काढूनच टाकला, आणि त्याच्या जागी अधिकच्या चिन्हासारखी एक सपाट कळ बसविली. दिसावयास ही गोष्ट अगदी साधी आहे. परंतु तीत बरीच बुद्धी साठविलेली आहे. कळीच्या चार भुजा चार दिशा दाखवितात. मधोमध ती आधारावर टेकलेली असल्यामुळे एक भुजा खाली गेली, की समोरची वर उचलली जाते; त्यामुळे डावी व उजवी दिशा एकाच वेळी दाबली जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की अंगठा कोठे आहे हे त्याला स्पर्शानेच कळते. डोळे पडद्यावर खिळलेले असताना खाली पाहण्याची गरज उरत नाही. हार्मोनियम वाजविणारा पट्ट्यांकडे न पाहता वाजवितो, तसेच हे.

१९८३ मध्ये निन्तेन्दोने ‘फामिकॉम’ हे घरचे यंत्र काढले. जपानी मुले आपल्याकडील मुलांप्रमाणेच पुष्कळदा जमिनीवर बसून खेळतात. उभ्या दांड्याचा कंट्रोलर जमिनीवर राहिला आणि त्यावर कोणाचा पाय पडला तर काय होईल, हा विचार यंत्राचे रचनाकार मासायुकी उएमुरा यांनी केला आणि योकोईची सपाट कळ स्वीकारली. तिला जागा मिळाली डाव्या अंगठ्याखाली. उजव्याकडे दोन बटणे आली. दिशा दाखविण्याचे काम उजव्या हाताकडून डाव्याकडे गेले, ते बहुतेक कंट्रोलरांत आजही तसेच आहे.

कळ दाबली आहे किंवा नाही, एवढेच ती सांगू शकते. किती दाबली, हे तिला सांगता येत नाही. १९९६ च्या ‘निन्तेन्दो ६४’ या यंत्राच्या कंट्रोलरवर अंगठ्याने कलविता येणारी एक लहान खुंटी आली. ती थोडी कलविली तर ‘मारिओ’ दबकत चाले. पूर्ण कलविली तर धावत सुटे. अंगठ्याला जणू कुजबुजता आणि ओरडता येऊ लागले. मात्र याच खुंटीने एक विपरीत प्रकारही घडविला. ‘मारिओ पार्टी’ या खेळातील काही डावांत ती गरगर फिरवावी लागे. मुले घाईघाईने तळहातानेच ती घासू लागली, आणि कित्येकांच्या तळहातांना जखमा झाल्या. प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेले. २००० साली कंपनीने मुलांना हातमोजे फुकट देण्याचे मान्य केले. कुऱ्हाडीच्या दांड्याने येणारे फोड ते हेच.

सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन’ या १९९४ च्या यंत्रावरील बटणांची गंमतही सांगण्याजोगी आहे. तेइयू गोतो यांनी त्यांवर अक्षरांऐवजी आकृत्या घातल्या. वर्तुळ म्हणजे ‘होय’ आणि फुली म्हणजे ‘नाही’; कारण जपानी शाळेत बरोबर उत्तराला वर्तुळ मिळते. पाश्चात्त्य देशांत मात्र फुलीनेच होकार देण्याची रीत पडली. शेवटी २०२० च्या यंत्रात जपाननेही ती पत्करली.

या साऱ्या रचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. खेळणाऱ्याला दोन हात आहेत, दहा बोटे आहेत, आणि ती हवी तशी वळतात. ज्या मुलाची बोटे वळत नाहीत, त्याने काय करावे? भावंडे खेळत असताना त्याने नुसते पाहत बसावे, हे काही बरे नव्हे. निन्तेन्दोने १९८९ मध्ये छातीवर बांधावयाचा एक कंट्रोलर काढला होता. त्याचा दांडा हनुवटीने हालवावयाचा, आणि बटणांचे काम नळीतून हवा ओढून किंवा फुंकून करावयाचे. प्रयत्न स्तुत्य होता, परंतु सर्वांचे व्यंग सारखे नसते. एकाला हनुवटी हालविता येते, तर दुसऱ्याला केवळ पाऊल.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली काढलेल्या कंट्रोलरमध्ये या अडचणीचा अधिक खोलवर विचार दिसतो. ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ असे त्याचे नाव. पांढऱ्या सपाट पाटीवर तळहाताएवढी दोन काळी बटणे, आणि मागील बाजूस तारा जोडण्याची एकोणीस छिद्रे. नेहमीच्या कंट्रोलरवरील प्रत्येक बटणासाठी एक छिद्र आहे. एकात पायाने दाबावयाचा खटका जोडता येतो, दुसऱ्यात कोपराने दाबावयाचा, तिसऱ्यात डोके टेकवून चालवावयाचा. म्हणजे कोणते काम शरीराच्या कोणत्या अवयवाने करावयाचे, हे कारखान्यात ठरत नाही. ते खेळणारा स्वतः ठरवितो. ही रचना करताना अपंग खेळाडूंचा सल्ला आरंभापासून घेतलेला होता. कंट्रोलरचे खोकेही निराळे केले. घट्ट चिकटपट्टी नखाने उकरणे किंवा दाताने तोडणे ज्यांना जमत नाही, त्यांना ते दुसऱ्याची मदत न घेता उघडता यावे, म्हणून त्याला जागोजागी मोठे फासे लावलेले आहेत. फाशात मनगट अडकवून ओढले, की खोके उघडते.