तातडीच्या कक्षातली सेवा



मी निवृत्त परिचारिका. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात तीस वर्षे काढली. आता दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला मुलाकडे असते. इथे मी कुणाला साधी सुईसुद्धा टोचू शकत नाही, कारण उपचार करायला दुबई आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. आधी वाईट वाटले, मग पटले. मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात केरळ, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून ८८ परिचारिका दुबईला मदतीला आल्या, त्याही रीतसर परवानगीनेच.

मग परवाना नसलेल्याने काय करावे? गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एका आजींना घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. तातडीच्या कक्षात आधी आलेल्याला आधी घेत नाहीत. दाराशीच नर्स प्रत्येकाची तपासणी करते आणि ज्याच्या जिवाला धोका जास्त, त्याला आधी आत नेते. आजींनी ‘पित्त झालंय’ एवढेच सांगितले होते, म्हणून त्यांना थांबवले. मुलगा चिडला. मी आजींजवळ बसले, पाठीवर हात फिरवला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘बाई गं, डावा हातही जड झालाय.’ मी लगेच नर्सला सांगितले. पाच मिनिटांत त्यांचा ईसीजी निघाला आणि त्यांना आत नेले. हृदयविकाराचा झटका होता. आजी आज बऱ्या आहेत.

मी उपचार केला नाही. आजींचे बोलणे नर्सपर्यंत पोहोचवले, एवढेच. स्वयंसेवकाचे कामही हेच: दुभाष्या होणे, चाकाची खुर्ची ढकलणे, नातेवाइकांना धीर देणे आणि डॉक्टरांच्या वाटेत न येणे. औषध, पाणी किंवा खाणे मात्र विचारल्याशिवाय देऊ नये.

मुलांकडे येणाऱ्या ज्येष्ठांनी एवढे करावे:

१. रुग्णवाहिकेसाठी ९९८ हा क्रमांक पाठ करावा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर मुलगा कामावरून येईपर्यंत थांबू नये. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

२. आपल्या क्लस्टरचे अक्षर, टॉवरचे नाव आणि घराचा क्रमांक कागदावर लिहून दारामागे लावावा. इथले टॉवर एकसारखे दिसतात. घाईत आठवत नाही.

३. औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी, जुने आजार आणि मुलांचे फोन एका चिठ्ठीत लिहून ती पासपोर्टच्या प्रतीसोबत ठेवावी.

४. दुखणे लपवू नये. ‘मुलांना कशाला त्रास’ हा विचार महागात पडतो.

आता विनंती. दुबईत परवान्याशिवाय देणग्या गोळा करता येत नाहीत, म्हणून मी पैसे मागत नाही. वेळ मागते. स्वयंसेवेसाठी इथे सामुदायिक विकास प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तरुणांनी ती करावी. धडधाकट असाल तर रक्तदान करावे. आणि शेजारी एकटी राहणारी आजी असेल, तर रोज एकदा तिचे दार वाजवावे.

सेवेला परवाना लागतो तिथे तो घ्यावा. विचारपूस करायला मात्र कोणताच परवाना लागत नाही.