दार लावलंय का?

सकाळी ६.३०. देवनहळ्ळीतल्या माझ्या घराची मागची खोली. खिडक्या आधी लावून घेते. विमानतळ जवळ, आणि मला समुपदेशनासाठी फोन करणारे पुरुष फार हळू बोलतात. पहिला फोन गावाकडून, शेताच्या बांधावरून. "ताई, आता कोणी नाही इथं."

सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारते. आत्ता नेमके कुठे आहात? आणि वेळ पडली तर कोणाला कळवू? दुसऱ्या प्रश्नाला बाकीचे लोक भावाचं, बायकोचं नाव पटकन सांगतात. समलिंगी मुलगा मात्र गप्प होतो. ज्याचं नाव द्यायचं, त्यालाच हे ठाऊक नसतं! कधी कधी तो एक नंबर मिळायला तीन-तीन आठवडे जातात. मी घाई करत नाही, कारण विश्वासाचं एक माणूस शोधणं हाच अर्धा उपचार आहे.

एक खूणही ठरलेली असते. "सिलिंडर आला का?" असं तो म्हणाला की समजायचं, खोलीत कोणीतरी आलंय. मग मी नुसती "हं, हं" करते, फोन ठेवत नाही.

९.३०. हा गाडीत बसून बोलतो, ऑफिसच्या पार्किंगमधून. लग्न झालंय, बायकोवर जीव आहे, पुरुषांकडेही ओढ आहे. दोन्ही खरं आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितलेलंच नव्हतं.

दुपारी नोंदी. नावं लिहीत नाही, फक्त क्रमांक.

४.००. एक आई. "मॅडम, याला बदलता येईल का हो?" नाही, आणि तशी गरजही नाही. असं 'बदलून देणं' हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच २०२२ मध्ये तसं कळवलंय. ती खूप वेळ रडली. फोन ठेवताना विचारलं, "जेवतो का तो नीट?"

रात्री १०.३०. शेवटचा फोन गच्चीवरून, पाण्याच्या टाकीमागून. मुलगा विमानतळावर कामाला, चौघांच्या खोलीत राहतो, माझ्या घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. तरी फोनच हवा. इथे येताना कोणी पाहिलं तर? कन्नड कामापुरती जमते त्याला, पण आईबद्दल बोलायचं तर मराठीच लागते. मध्येच विमान गेलं. दोघंही थांबलो.

११.३० ला माझा फोन बंद होतो. त्यानंतर कोणाला जगणं नकोसं वाटलं, तर टेली-मानस ही हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचं मुख्य केंद्र म्हणजे बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था, इथून चाळीसएक किलोमीटरवर. हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. नाव काहीही द्या, 'गॅस एजन्सी' दिलंत तरी चालेल.