जुन्या स्पोर्ट्स कारमधील आंतरायिक शक्तिऱ्हासाचे निदान : पोर्शे ९४४ च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
पूर्णपणे बंद पडलेल्या यंत्राचे निदान तुलनेने सोपे असते, कारण तपासणीच्या वेळी दोष समोर हजर असतो. अधूनमधून उद्भवणारा, म्हणजेच आंतरायिक दोष याच्या उलट वागतो. गाडी रस्त्यावर अचानक शक्ती गमावते, काही वेळाने पूर्ववत होते आणि कार्यशाळेत सर्व मापने निर्दोष येतात. अशा वेळी अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. त्यात खर्च होतोच. पण त्याहून गंभीर बाब म्हणजे दोष दूर झाल्याचा भ्रम निर्माण होतो. दुसऱ्या वाहनाला ओलांडत असताना इंजिनाची शक्ती गेल्यास हा भ्रम जिवावर बेतू शकतो. प्रस्तुत लेखात पोर्शे ९४४ या गाडीच्या आधारे अशा दोषाच्या निदानाची तर्कपद्धती स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

यंत्रणेचे स्वरूप :
पोर्शे ९४४ चे उत्पादन १९८२ ते १९९१ या काळात झाले. आरंभीच्या गाड्यांत २.५ लिटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. प्रज्वलन आणि इंधनपुरवठा या दोन्हींचे नियंत्रण बॉश मोट्रॉनिक प्रणालीतील एकच इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल वर्षापासून सक्तीची झालेली प्रमाणित निदानप्रणाली या गाडीत नाही. त्यामुळे आरंभीच्या गाड्यांत दोषाची नोंद यंत्रातून वाचून घेता येत नाही. ती निरीक्षणातूनच करावी लागते.

नियंत्रकाला दोन गोष्टी सतत मिळाव्या लागतात : विद्युतपुरवठा आणि इंजिनाच्या फिरण्याची माहिती. पुरवठा एका संयुक्त रिलेमधून होतो. हाच रिले इंधन पंपालाही वीज देतो. माहिती फ्लायव्हीलजवळील दोन सेन्सर देतात. एक सेन्सर फ्लायव्हीलचे १३२ दाते मोजतो, तर दुसरा प्रत्येक फेऱ्यातील एक ठरावीक बिंदू ओळखतो. यांपैकी काहीही खंडित झाले, तर ठिणगी आणि इंधन दोन्ही एकाच वेळी थांबतात.

लक्षणांचे वर्गीकरण :
‘शक्ती जाते’ हे चालकाचे वर्णन निदानासाठी अपुरे असते. ती कशी जाते, हे पाहणे आवश्यक ठरते. त्या दृष्टीने तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार आकस्मिक खंडाचा. गाडी गिअरमध्ये असल्याने चाकांमुळे इंजिन फिरत राहते; तरीही टॅकोमीटरचा काटा एकदम शून्यावर येतो. याचा अर्थ नियंत्रकच निष्क्रिय झाला आहे. अशा वेळी रिले, इग्निशन स्विच, अर्थिंग किंवा सेन्सर यांवर संशय घ्यावा लागतो. दुसरा प्रकार क्रमशः दुबळेपणाचा. चढावर किंवा अधिक वेगात इंजिन हळूहळू दम सोडते. मात्र टॅकोमीटर फेरे बरोबर दाखवतो. येथे तुंबलेला इंधन फिल्टर किंवा थकलेला पंप असण्याचा संभव अधिक. तिसरा प्रकार विशिष्ट स्थितीतील अडखळण्याचा. हवेचे मापन करणाऱ्या उपकरणातील झडपेबरोबर एक संपर्कबिंदू कार्बनच्या पट्टीवर घासत असतो. नेहमीच्या वेगाशी जुळणाऱ्या जागी ही पट्टी अधिक झिजते आणि तेवढ्याच टप्प्यात इंजिन गचके देते.

मापनाची पद्धती :
आकस्मिक खंडामागे अनेकदा रिलेमधील डाखाचे सांधे असतात. तापण्या-निवण्याच्या असंख्य आवर्तनांनी त्यांत सूक्ष्म भेगा पडतात. रिले तापला की भेग उघडते, निवला की मिटते. सेन्सरांच्या बाबतीत इंजिनाच्या मागील बाजूच्या उष्णतेने तारांचे आवरण व जोडण्या ठिसूळ होतात. दोन्ही दोषांचे बाह्य लक्षण एकच असल्याने त्यांच्यात भेद करणारी चाचणी हवी. रिलेकडून नियंत्रकाला जाणाऱ्या पुरवठ्यावर एक छोटा दिवा जोडून तो सहप्रवाशाला दिसेल असा ठेवावा. इंजिन बंद पडताना दिवाही विझला, तर दोष पुरवठ्यात आहे. दिवा जळत राहिला, तर प्रथम सेन्सर तपासावेत.

रोधमापन येथे फसवे ठरू शकते. तारेच्या अनेक धाग्यांपैकी एकच शिल्लक असला, तरी मल्टीमीटर रोध जवळजवळ शून्य दाखवतो. कारण मापनासाठी तो अत्यल्प प्रवाह वापरतो. म्हणून अर्थिंगची तपासणी प्रत्यक्ष भार असताना, जोडणीवर होणारी विद्युतदाबाची घट मोजून करावी. तसेच इंधनाचा दाब गाडी उभी असताना नव्हे, तर भाराखाली पाहणे आवश्यक आहे. मात्र पेट्रोलची नळी कोणत्याही परिस्थितीत चालकाच्या कक्षात आणू नये. रिले काढून तेथे तार जोडण्याचा उपाय काही जण योजतात. त्यामुळे अपघातात इंजिन थांबले तरी पंप इंधन ढकलत राहतो. म्हणून ही तार घेऊन गाडी कधीही रस्त्यावर नेऊ नये.

सिद्धतेचा प्रश्न :
भाग बदलला आणि दोष दिसेनासा झाला, एवढ्यावरून तो भाग सदोष होता असे सिद्ध होत नाही. आंतरायिक दोष स्वभावतःच काही काळ नाहीसा होतो. शिवाय भाग बदलताना जोडणी हलते, गंज खरवडला जातो आणि खरे कारण तात्पुरते झाकले जाते. भारतीय तर्कपरंपरेतील अन्वय-व्यतिरेकाचा विचार येथे उपयुक्त ठरतो : कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, या दोन्ही बाजू पडताळल्या पाहिजेत. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात मांडलेल्या पद्धतींचा रोखही असाच आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की, संशयित जुना रिले उभ्या गाडीत पुन्हा बसवून त्याला गरम हवा द्यावी. इंजिन बंद पडले, नवा रिले तशाच उष्णतेत टिकला आणि जुना बसवताच दोष परतला, तरच निदान पूर्ण झाले असे म्हणता येईल.

निष्कर्ष :
आंतरायिक शक्तिऱ्हासाच्या निदानात दुरुस्तीपूर्वी दोषाची परिस्थिती नोंदवणे महत्त्वाचे असते. तापमान, भार, वेग आणि टॅकोमीटरचे वर्तन यांची नोंद संशयाचे क्षेत्र आखून देते. भेददर्शक चाचणी ते अधिक लहान करते. मात्र अंतिम प्रमाण दोष नाहीसा होण्यात नसून, तो हेतुपूर्वक पुन्हा निर्माण करता येण्यात आहे. ज्या दोषाला बोलावता येत नाही, तो गेला असे खात्रीने सांगता येत नाही.